एस्पोझितोंची भाऊकी

"देवक काय त्यांचं?" आबांनी विचारलं.

अर्ध्या मिनिटापूर्वी मी सांगितलं होतं, की मला लग्न करायचंय आणि मुलगा इटलीचा आहे. आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली होती. तात्या चपला काढत होते, ते एक चप्पल पायात नि एक हातात असे दारातच थांबले होते. आणि आबा विचारत होते, देवक काय.

"आबा, इटलीत देवक नसतं."

"असं कसं नसेल? माणसंच राहतात ना तिथं? बरं, ते राहू दे. आडनाव?"

"एस्पोझितो."

"मूळ गाव?"

"नेपल्स. म्हणजे आजोबांचं. हे लोक आता उत्तरेकडं राहतात."

"कुळदैवत?"

"आबा, ख्रिस्ती आहेत ते."

"ते कळलं गं. धर्माचं मी बघून घेईन, देव सगळे एकाच तालुक्यातले. मी घराण्याचं विचारतोय."

दारातून तात्या म्हणाले, "दादा, देवकाची काळजी करू नकोस. त्या पोराच्या हातात दिवसभर पाना असतो. पानाच बांधू मांडवाला."

"तू गप," आबा म्हणाले.

हे ब्याण्णव सालचं. इचलकरंजीतल्या ज्या मिलच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघायची, तिथं इटलीहून बारा नवे माग आले होते, आणि ते बसवायला हा रेनातो आला होता. सहा फूट उंच, कपाळावर सतत ग्रीसचा पट्टा. तीन महिन्यांसाठी आला आणि वर्षभर राहिला. तात्या त्याच मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागाचं दुखलंखुपलं बघणारे. त्यांनी त्याला कामापुरतं मराठी शिकवलं होतं. मागवाले त्याला राणोजी म्हणायचे. तोही 'ओ' द्यायचा.

आणि आबा, म्हणजे माझे वडील? त्यांनी चौतीस वर्षं भूमी अभिलेख कचेरीत काढली होती. कुठल्या रानाची हद्द कुठं लागते ते जसं त्यांना तोंडपाठ, तसंच कुठलं आडनाव कुठल्या गावचं तेही. माणसांचा सातबारा ते तरुणपणापासूनच काढायचे, निवृत्त झाल्यावर तर दुसरं कामच उरलं नाही. जयसिंगपूरपासून पार निपाणीपर्यंत कुणाची सोयरीक निघाली की लोक आधी आमच्याकडं यायचे. "आबा, अमक्या गावचे शिर्के बघतोय. कसे आहेत?" आबा डोळे मिटायचे आणि शिर्क्यांच्या चार पिढ्या उलगडून सांगायचे, त्यात दत्तक कोण गेला, परागंदा कोण झाला, सगळं. आडनाव एक म्हणजे मूळ गाव एक, मूळ पुरुष एक आणि भाऊकी एक, हे त्यांच्या लेखी अगदी पक्कं. ते मूळ गाव नाही सापडलं, तर ते तीनच शब्द बोलायचे, "घराणं लागत नाही." त्यावर अपील नव्हतं. त्या तीन शब्दांनी किती सोयरिकी मोडल्या असतील, ते बिरोबालाच ठाऊक.

तात्या त्यांचे धाकटे भाऊ. पंचावन्नचे, बिनलग्नाचे, आमच्याच घरात राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दादानं सगळ्या पोरी दुसऱ्यांना वाटून टाकल्या. माझ्या वाट्याला उरलीच नाही." लोक हसायचे, आम्हीही हसायचो.

त्या दिवशी आबांनी हात धुतले, पुसले आणि निकाल दिला. "घराणं लागलं तर माझी ना नाही. नाही लागलं, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. आजच्या मुलींना हे सांगितलं तर त्या डोळे मोठे करतात. पळून का नाही गेलीस म्हणतात. जाता आलं असतं की. पण मला रेनातो हवा होता आणि आबाही हवे होते. दिवाळीला यायला माहेर हवं होतं. एवढ्या लांब जायचं आणि मागचं दार बंद, हे मला सोसलं नसतं.

मग आबा कामाला लागले.

शेजारच्या बिद्रे मास्तरांचा मुलगा न्यू जर्सीला होता. आबांनी मास्तरांकरवी त्याला निरोप धाडला, की तिथल्या टेलिफोनच्या पुस्तकात एस्पोझितो आहेत का बघ. त्यानं त्या पानांच्या झेरॉक्सच पाठवल्या. आबांनी भिंग घेतलं आणि बोट ठेवून मोजायला बसले. दोनशेच्या पुढं गेल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एवढे?" ते हळूच म्हणाले. "अगं, आपले इंगवले अख्ख्या महाराष्ट्रात धुंडाळले तरी एका पुस्तकात एवढे निघायचे नाहीत."

मी रेनातोला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे काहीच नाही, नेपल्सच्या बाजारात दगड भिरकावला तर तो एस्पोझितोलाच लागतो. ब्यूनस आयर्समध्ये आहेत, मेलबर्नला आहेत, टोरोंटोला आहेत. आजोबांचे काही ओळखीचे तिकडं गेले होते, त्यांचे पत्तेही त्यानं दिले. मी ते आबांना आणून दिले आणि तिथंच माझी चूक झाली. आबांचा चेहरा एकदम उजळला.

"मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "एवढा पसारा म्हणजे मूळ पुरुष साधासुधा नव्हे. स्वारीवर गेलेली माणसं ही. आपले मराठे नाही का, तंजावरला गेले, इंदूरला गेले, ग्वाल्हेरला गेले? तसे हे."

"अमेरिकेवर स्वारी केली व्हय त्यांनी?" आईनं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर जगाचा नकाशा आला. जिथं जिथं एस्पोझितो सापडले तिथं तिथं आबांनी आईच्या लाल टिकल्या चिकटवायला सुरुवात केली. आठवड्याभरात दोन पाकिटं संपली. आई बिचारी कुंकू लावून हिंडायला लागली. "माझ्या टिकल्या पळवून जगभर सवाष्णी करून ठेवल्यात ह्यांनी," ती म्हणायची. तात्या रोज कामावरून आले की नकाशासमोर उभे राहायचे. "दादा, आफ्रिका मोकळी दिसतीया. तिकडं दुष्काळ पडला होता का राणोजीच्या भाऊकीला?"

आबा त्यांच्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांनी अकरा पत्रं तयार केली. मराठीत त्यांनी सांगायचं, मी इंग्रजीत करायचं आणि दुपारच्या सुटीत ऑफिसच्या टाइपरायटरवर बडवायचं. मजकूर अकराही पत्रांत एकच: आदरणीय महोदय, आपल्या कुळातील एका मुलाचे स्थळ आमच्या कन्येस आले आहे, तरी आपले मूळ गाव, मूळ पुरुष, कुळदैवत व जमीनजुमला याचा तपशील उलटटपाली कळवावा, वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. "त्यातली वडीलधारी माणसं तुमच्यापेक्षा लहान असली तर?" मी विचारलं. आबा म्हणाले, "मग आशीर्वाद त्यांनी घ्यावा. लिही."

महिन्याभरात उत्तरं यायला लागली. टोरोंटोहून एका वकिलाचं आलं, की माझ्या अशिलाला पुन्हा असं पत्र गेलं तर पुढची कारवाई होईल. आबा खूश झाले. "बघ, पदरी वकील ठेवलाय. खानदानी लोक." मेलबर्नच्या एस्पोझितोनं लिहिलं होतं, मी कधी इटली बघितलेली नाही, माझं मासळीचं दुकान आहे, कधी आलात तर या. त्यावर आबा जरा विचारात पडले, मग म्हणाले, "समुद्राकाठी राहायचं म्हणजे चालायचंच." ब्यूनस आयर्सहून आलेलं पत्र कुणालाच वाचता येईना. पण त्यात फोटो होता, अकरा मिशाळ पुरुष आगीवर भलंमोठं मटण भाजतायत. आबांनी तो फोटो फ्रेम करून आणला. "इथनं तिथनं मराठेच," ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्या दिवशी तात्यांनीच भिंतीत खिळा ठोकून दिला.

मग न्यू जर्सीहून जाडजूड लिफाफा आला. चार पानी पत्र, कोन्चेता एस्पोझितो नावाच्या बाईचं.

रविवारची सकाळ होती. आबा पेन्सिल घेऊन बसले. आई पावट्याच्या शेंगा सोलत होती. तात्या उंबऱ्यावर बसून दाढी करत होते. मी पत्र उघडलं आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागले.

"प्रिय मिस्टर इंगवले, तुमचं पत्र मिळालं. माझं वय अठ्ठ्याहत्तर. एवढ्या वर्षांत माझं कुळदैवत कोण, असं मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा वारल्यापासून टीव्ही आहे, असं समजा."

"विनोदी बाई आहे," आबा म्हणाले. "पुढं?"

"घराण्याचं म्हणाल, तर आमचे सगळ्यांचे पूर्वज नेपल्समधल्या एका मोठ्या दगडी इमारतीतून बाहेर पडले."

एवढं बोलले आणि माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. ती तिथंच थांबली.

पुढं लिहिलं होतं, की त्या इमारतीच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप होतं. ज्या बाईला मूल वाढवणं शक्य नसे, ती येऊन मूल त्या पिंपात ठेवी, घंटा वाजवी आणि निघून जाई. आतली माणसं पिंप फिरवून मूल काढून घेत. अशा मुलांना आडनाव कुठलं द्यायचं? मग सगळ्यांना एकच दिलं, बाहेर ठेवून दिलेला अशा अर्थाचं. एस्पोझितो.

"काय झालं?" आबा म्हणाले. "इमारत म्हणजे कसली?"

"मोठी होती," मी म्हटलं. "भिंतीला... घंटा होती म्हणे."

"घंटा!" आबांची पेन्सिल वर आली. "म्हणजे गढी. आत-बाहेर करताना वर्दी द्यायची घंटा. दारावर पहारा असणार. आहे का बघ."

"आत माणसं असायची, असं लिहिलंय."

"तेच ते. शिबंदी."

मला फक्त 'नाही आबा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. आबा माझ्याकडं बघत होते, लहान मूल जत्रेत बघतं तसं. त्यांना माझं लग्न लावायचं होतं हो! एवढा खटाटोप, त्या टिकल्या, ते वकिलाचं पत्र, सगळं त्यासाठीच चाललं होतं. त्यांना फक्त त्यांच्या कायद्यात बसणारं कारण हवं होतं. आणि मी ते दिलं.

"हो आबा," मी म्हणाले. "गढीच होती."

आबांनी पेन्सिल कानावर खोवली. आईला म्हणाले, "ऐकलंस का? घराणं लागलं. सुपारी फोडायला भाऊकीला बोलावणं धाडतो." आई पावटे तसेच टाकून उठली आणि तिनं देवापुढं साखर ठेवली. मी पत्र घडी करून पोलक्यात खुपसलं. तात्यांची दाढी अर्धीच झाली होती. ते आरशात बघत होते, पण स्वतःकडं नव्हे, माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मिलच्या गोदामाशी गाठलं.

"चार पानांचं पत्र," ते म्हणाले. "तू दोन मिनिटांत वाचलंस. वैजू, मी चौथी पास असलो तरी मला पानं मोजता येतात. मी राणोजीला विचारलं."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, होय, पिंपातलेच आम्ही. त्यात काय एवढं, म्हणाला. तिकडं म्हणे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडं पाटील तसं तिकडं हे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दादाला खरं सांग, पोरी."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"म्हणेल कदाचित."

"मग? तुम्हाला काय हो जातंय सांगायला! तुम्हाला कुठं लग्न करायचं होतं?"

मी बोलून गेले. तात्या हसले, पण नेहमीसारखे नाही. मी त्यांचा हात धरला. "तात्या, तुम्हाला माझी शपथ आहे. गप्प बसा."

"शपथ नको घालू," ते म्हणाले आणि मागांकडं निघून गेले. मला वाटलं, झालं, तात्या म्हणजे आपलेच.

सुपारीच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. सकाळचे अकरा. गावाकडून इंगवल्यांची भाऊकी ट्रक करून आली होती, साठेक माणसं. आबांनी प्रत्येकाला आधी नकाशा दाखवला, मग मटणवाल्यांचा फोटो, मग गढी सांगितली. बाराच्या आत गढीला बुरूज आले, आणि कुणीतरी मला विचारलंदेखील, की हत्ती होते का.

एका बाजूला मुलीकडची सतरंजी, एका बाजूला मुलाकडची. मुलाकडं कोण बसणार? रेनातोचे आईवडील लग्नालाच यायचे होते. म्हणून आबांनीच तात्यांना सांगितलं होतं, "तू त्याच्याकडनं बस. तुझाच चेला आहे." तेव्हा तिकडच्या सतरंजीवर फेटा बांधलेला रेनातो, शेजारी तात्या आणि पलीकडं दोन मागवाले, एवढंच वऱ्हाड. फेटा रेनातोच्या कानावर सारखा घसरत होता आणि तो प्रत्येकाला "लई भारी" म्हणत होता.

अण्णासाहेब हे आमच्या भाऊकीतले सगळ्यांत थोरले, ऐंशीच्या घरातले. त्यांनी घसा खाकरला. सुपारी फोडायच्या आधी दोन्हीकडच्यांनी आपापलं कुळ सांगायचं, अशी आमच्यात रीत आहे. मुलीकडून आबांनी सांगितलं. सात पिढ्या, न अडखळता.

"आता मुलाकडच्यांनी सांगावं," अण्णासाहेब म्हणाले.

रीतीप्रमाणं ते तात्यांनी सांगायचं होतं. आतापर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तात्या उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. म्हणाले, "अण्णासाहेब, घराणं लागत नाही."

मांडवात हशा पिकला. तात्या म्हणजे चेष्टाच असणार, हे लहान पोरालाही ठाऊक.

"शंकर, पुरे आता," आबाही हसत होते. "गढीचं सांग."

"गढी नव्हती दादा. भिंतीत फिरतं पिंप होतं. आई पोर त्यात ठेवून जायची, घंटा वाजली की आतले उचलायचे. त्या सगळ्या पोरांना हे एक आडनाव. तू नकाशावर एवढ्या टिकल्या लावल्यास ना, ती भाऊकी नव्हे. ते एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. या पोराच्या खापरपणजाला असंच कुणीतरी ठेवून गेलं. कोण, ते कुणालाच ठाऊक नाही."

हसू कसं विरलं ते मी बघितलं. आबांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं.

"तात्या!" मी ओरडले. एवढ्या माणसांत, सुपारीच्या पाटावरून. "तुम्हीच माझा घात केलात!"

"नाही गं," तात्या म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी मोडायला नाही बोललो. दादा, तुला मिरजेची कुमुद आठवते?"

आबांना आठवत होती, हे दिसलं.

"अनाथाश्रमात वाढलेली. दवाखान्यात नर्स होती," तात्या आता आम्हा सगळ्यांना सांगत होते. "एकसष्ट साली मी तिचं नाव घरात काढलं. आणि दादा म्हणाला, घराणं लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी मिरज गाठली. तिला म्हटलं, एवढंच ना? सांगू की कऱ्हाडकडच्या मोहित्यांची पोर आहे, आईबाप वारले. माझा एक दोस्त मामा व्हायलासुद्धा तयार होता. सगळं जुळवलं होतं मी, या वैजूपेक्षा झकास. तर ती म्हणाली, 'मग मी जन्मभर त्या मोहित्यांना घाबरून राहू? कऱ्हाडचा पाहुणा दारात आला की आत जाऊन लपू? मला नाही जमायचं.' नाही म्हणाली ती मला. खोटं बोलायला नाही म्हणाली." ते माझ्याकडं वळले. "या पोराचे आईबाप येतील मांडवात. त्यांना कुणी गढीचं विचारलं की तू त्यांच्या तोंडावर हात ठेवणार का? जन्मभर ठेवणार?"

अण्णासाहेबांनी काठी टेकली. "दिनकर, आता काय ते तू बोल. घराणं लागलं नाही तर सुपारी नाही, हे आम्हाला तूच शिकवलंस. माझ्या नातीचं ठरलेलं तूच मोडलंस."

आबा उभे होते. एवढा वेळ काय चाललंय ते रेनातोला कळत नव्हतं, पण माणसं रागावलीत आणि ती आपल्यामुळं, एवढं त्याला उमगलं असावं. तो उठला. घसरलेला फेटा त्यानं काढून हातात धरला आणि त्याला येत होतं तेवढ्या मराठीत विचारलं, "आबा, मी चुकलं?"

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "नाही बाळा. तू नाही चुकलास."

आणि ते चालत पलीकडं गेले. मुलाकडच्या सतरंजीवर तात्यांच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसले.

"मुलाकडं माणसं कमी आहेत, अण्णासाहेब," ते म्हणाले. "इकडून आता मी बोलतो. या मुलाचं घराणं लागत नाही. कुणी ठेवून गेलेलं पोर होतं, ते जगलं, त्याचा वंश वाढला आणि त्यातलाच हा इथवर आला. मुलगा कष्टाचा आहे. वर्षभर माझा भाऊ त्याच्याबरोबर काम करतोय. आम्ही मुलगी मागायला आलोय. द्यायची की नाही, ते मुलीकडच्यांनी सांगावं."

मुलीकडच्या सतरंजीवर मी एकटी होते आणि मागं सगळी भाऊकी अण्णासाहेबांकडं बघत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, हाताला पीठ, पदर खोचलेला.

"मुलीकडनं मी हाय," ती म्हणाली. "दिली."

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं बत्ता उचलला आणि एका घावात सुपारी फोडली.

अण्णासाहेब उठून गेले. त्यांच्याबरोबर वीसेक माणसं गेली, न जेवता. त्यातली काही पुढं बारा वर्षं आमच्या दारात आली नाहीत. उरलेल्यांची पंगत बसली. रेनातो वाढायला निघाला होता, त्याला आईनं दटावून खाली बसवलं. मी जिलबीचं ताट घेऊन आबांपाशी आले तेव्हा ते आणि तात्या शेजारीशेजारी बसले होते, आणि आबांनी अजून पहिला घासही घेतला नव्हता.

"शंकर," ते म्हणाले, "एकतीस वर्षं एका घरात राहिलास. तिनं असं म्हटलं होतं, हे एका शब्दानं बोलला नाहीस. मी समजत होतो, तूच नाद सोडलास. मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?" तात्या म्हणाले. रागानं नाही. "तू तिचं आडनाव विचारलंस. गाव विचारलंस. ती कशी आहे, ते तू विचारलंच नाहीस."

आबांनी डावा हात तात्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मग आता विचारतो," ते म्हणाले. "कशी होती रे ती?"

आमच्या तात्यांपाशी जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. मग "लई बोलायची," एवढंच म्हणाले, आणि सगळ्या पंगतीदेखत हुंदके देऊन रडायला लागले.